दिवे सुरू आहेत

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एरवी पाण्याचा टँकर, जिन्यात सापडलेली किल्ली आणि कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस यापलीकडे काही येत नाही. मध्यंतरी तिथे एक पीडीएफ येऊन पडली. विधानसभेच्या अतारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी न घेता नुसतं छापील उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नोत्तरांची यादी, चांगली जाडजूड, आणि त्यातल्या एका पानावर कुणीतरी पिवळा रंग फासलेला. आमच्या स्टेशनबाहेरच्या पादचारी पुलाचा प्रश्न होता. सदर पुलावरील दिवे बंद असल्याने नागरिकांची, विशेषतः महिलांची गैरसोय होत असल्याचे माहे ऑगस्टमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि त्याखाली उत्तर : (१) हे खरे नाही. सद्यःस्थितीत सदर पुलावरील सर्व दिवे सुरू आहेत. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.

ग्रुप पेटला. सावंतवहिनी ऐन पावसाळ्यात त्याच पुलाच्या शेवटच्या पायऱ्यांवरून घसरल्या होत्या. मनगट प्लास्टरमध्ये घालून त्या गणपतीत मोदक वळणाऱ्यांना नुसत्या सूचना देत बसल्या होत्या. त्यांनी लिहिलं, "मग मी काय स्वप्नात पडले?" त्याखाली अंगठे, लालबुंद चेहरे, "सगळे एका माळेचे मणी" वगैरे. मी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना पूल चढले आणि मान वर करून पाहिलं, तर दिवे सुरू होते. सगळेच्या सगळे. नवेकोरे, पांढरेफटक एलईडी. रेलिंगवरच्या पानाच्या पिचकाऱ्यासुद्धा आता ठसठशीत दिसत होत्या. वरच्या वळणावर लिंबं-मिरच्या घेऊन बसणारी बाई पूर्वी मोबाइलचा टॉर्च दातांत धरून सुटे पैसे मोजायची, ती आता निवांत दोन्ही हातांनी मोजत होती. तिला विचारलं, कधी लागले? म्हणाली, "झाला की महिना, ताई. गाडी आली, शिडी लावली, दुपारच्या दुपारी काम केलं आणि गेले. आधी किती वेळा सांगितलं तेव्हा कुत्रं फिरकलं नाही."

उत्तर खरं होतं. तेच डोक्यातून जाईना.

खोटं असतं तर ग्रुपवर मीही एक लाल चेहरा टाकला असता आणि झोपले असते. पण या प्रकारचं खरं मी लहानपणापासून जवळून पाहिलेलं आहे. माझे बाबा मंत्रालयात होते. म्हणजे मंत्री नव्हते, मंत्रालयात होते. हा खुलासा गावी गेलं की दर वेळी करावा लागे. सहायक म्हणून लागले, कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाले. लागले तेव्हा इमारत सचिवालय होती, १९७५ साली तिचं मंत्रालय झालं, पण टेबलं, पंखे आणि कपाटांवरचे गठ्ठे तेच राहिले असं ते सांगत. आम्ही वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत राहायचो. तिथल्या आम्हा पोरांना वर्षाचे ऋतू तीनच ठाऊक होते : अर्थसंकल्पी अधिवेशन, पावसाळी अधिवेशन आणि नागपूर. अधिवेशन लागलं की आख्ख्या बिल्डिंगीतले बाप रात्रीच्या शेवटच्या गाड्यांनी यायचे. खेळताना आमची भांडणंही त्याच भाषेत चालत. "तुझ्या बाबांचा नुसता अतारांकित आहे, माझ्या बाबांचा तारांकित लागलाय," असं एकदा समोरच्या विंगमधल्या मुलाने मला ऐकवलं होतं आणि मी रडत घरी आले होते. डिसेंबरात बाबा ट्रंकेत स्वेटर भरून नागपूरला जात, १६० खोल्यांच्या गाळ्यांत राहत, आणि परत येताना संत्रा बर्फी आणत. ज्याच्यामुळे वर्षातलं एक अधिवेशन नागपूरला भरतं तो नागपूर करार कशाशी खातात हे मला बरंच नंतर कळलं. तोवर माझ्या लेखी तो करार बर्फीसाठीच झाला होता.

बाबांचं काम काय, हे मात्र आईमुळे कळलं. सभागृहात तारांकित प्रश्नाचं उत्तर मंत्री देतात, आणि त्यावर सदस्य उभे राहून उपप्रश्न विचारतात. मंत्र्यांना ते आधी ठाऊक नसतात. म्हणून उत्तराच्या मागे एक टिपणी जोडलेली असते : प्रकरण मुळात काय आहे, कोणी काय केलं, काय केलं नाही, कागद कुठे अडला, आणि संभाव्य उपप्रश्न कोणते. उत्तर एका ओळीचं, टिपणी दहा पानांची. फायलीवर तातडीची चिठ्ठी डकवलेली. बाबांची ख्याती या संभाव्य उपप्रश्नांसाठी होती. फाइल ते कधी घरी आणत नसत, पण प्रश्न डोक्यात घेऊन यायचे आणि आईला आमदार करायचे. ती पोळ्या लाटत असायची, हे ओट्याला टेकून उभे. एकदा कुठल्याशा तालुक्यातल्या सरकारी दवाखान्याचा प्रश्न होता. साप चावलेल्या बाईला तिथे लस मिळाली नाही, पुढे जिल्ह्याला नेताना ती वाटेत गेली. दवाखान्यात लस नव्हती, हे खरे आहे काय? बाबांनी आईला खालून आलेलं उत्तर म्हणून दाखवलं : हे खरे नाही, सदर दवाखान्यात लसीचा पुरेसा साठा उपलब्ध आहे. आईने पोळी तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली, आणि मग म्हणाली, "आज आहे हो. त्या रात्री होती का?"

बाबा हसले नाहीत. खिशातून पेन काढून त्यांनी दुधाच्या कार्डाच्या पाठीवर ते लिहून घेतलं.

त्या आठवड्यात आई रोज विचारायची, "विचारलं का कुणी?" शेवटी एका रात्री बाबा बूट काढता काढता म्हणाले, "पुकाराच झाला नाही. वरच्या दोन प्रश्नांवरच गोंधळ झाला, तास संपला." यादीत खाली असलेल्या प्रश्नांचं असंच होतं. छापील उत्तर तेवढं पटलावर जातं. टिपणीत त्या रात्रीचा साठा होता. बाबांनी फोनवर फोन करून तो मागवला होता आणि तो शून्य होता. मंत्र्यांच्या हातातल्या कागदांत ते लिहिलेलं होतं. कुणी उठून विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. आईने पुढे काही विचारलं नाही, पण त्यानंतर ती पोळ्या लाटताना आमदार व्हायला फारशी तयार नसायची.

आता हा पुलाचा प्रश्न कसा फिरला असेल ते मला डोळे मिटूनही दिसतं. आमदारांच्या कार्यालयातल्या कुण्या मुलाने तो टाइप केला असेल. विधानभवनातून तो मंत्रालयात विभागाकडे, विभागातून कार्यासनाकडे, कार्यासनातून यंत्रणेच्या मुख्यालयाकडे, तिथून उपनगरातल्या कार्यालयाकडे, आणि शेवटी एका अभियंत्याच्या टेबलावर. म्हणजे ज्याने दिवे लावायचे होते आणि लावले नाहीत, त्याच्याच पुढ्यात. "तुझे दिवे बंद आहेत, हे खरे आहे काय?" आता त्याच्यासमोर दोन वाटा. एक, "हे खरे आहे" असं लिहायचं आणि मग पुढचे तिन्ही भाग अंगावर घ्यायचे : चौकशी, कार्यवाही, विलंबाची कारणे. दुसरी, शिडीची गाडी मागवायची. कुठलाही शहाणा माणूस गाडी मागवेल. मग उत्तर तीच वाट उलटी चढतं, प्रत्येक टेबलावर थोडं थोडं घासून गुळगुळीत होत, आणि वर पोचतं तेव्हा त्यात ऑगस्टचं नावही उरलेलं नसतं. प्रश्नातलं ते "वा त्यादरम्यान" विचारणाऱ्याने मुद्दाम घातलेलं असतं. नेमका महिना लिहिला आणि तो चार दिवसांनी चुकला, तर तेवढ्यावरून "हे खरे नाही" म्हणायला सरकार मोकळं, असं बाबा सांगायचे. विचारणाऱ्याने फट बुजवायची, देणाऱ्याने दुसरी शोधायची. इथे सापडली ती "सद्यःस्थितीत" ही.

थोडक्यात, दिवे बंद होते हे खरं नाही, कारण ते बंद आहेत का असं विचारलं गेलं. प्रश्न आला नसता तर ते आजही बंदच असते. कागदावर मात्र असं उमटलं की कुणीतरी आमदार उगाच नसलेल्या अंधाराबद्दल विचारत बसला आणि शासनाने त्याचं शंकानिरसन केलं. मला यात चिडायचं की समाधान मानायचं हे खरंच ठरवता येईना. रात्री साडेनऊला त्या पुलावरून एकटी उतरताना मी समाधानाच्या बाजूची असते. सावंतवहिनींना डब्याचं झाकण उघडता येत नाही, दुपारी बेल वाजवून त्या बरणी पुढे करतात, तेव्हा मी दुसऱ्या बाजूची होते. दिवे मिळाले, पण दिवे नव्हते याची नोंद गेली. उद्या त्यांनी कुठे दाद मागायची ठरवली, तर विधानसभेच्या कामकाजात छापलेलं आहे की तसं काही घडलंच नाही.

पुलाएवढ्या गोष्टीसाठी हे चालून जातं. सगळीकडे चालत नाही. २०२० च्या सप्टेंबरात संसदेचं अधिवेशन भरलं तेव्हा प्रश्नोत्तराचा तासच वगळला होता, लेखी उत्तरं तेवढी ठेवली होती. त्याच्या आधीचे टाळेबंदीचे महिने आपण इथे खिडकीतून पाहिले होते; एक आख्खं शहर पाठीवर बोचकं बांधून नाशिकच्या रस्त्याने चालत निघालेलं. मे महिन्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. लोकसभेत विचारलं गेलं की परतताना किती मजूर दगावले आणि त्यांच्या घरच्यांना काही भरपाई दिली का. १४ सप्टेंबरला कामगार मंत्रालयाचं उत्तर आलं : अशी आकडेवारी ठेवली जात नाही. आणि भरपाईबाबत : वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. घरी परतले किती, याचा आकडा सरकारपाशी होता, एक कोटीच्या वर. त्या दिवशी बातम्या लावून मी बराच वेळ टीव्हीसमोर बसून होते. अपेक्षेने बाबांकडे पाहिलं. ते तेव्हा ऐंशीच्या घरात होते, ऐकू कमी यायचं. ते एवढंच म्हणाले, "चुकीच्या खात्याला विचारलं. नोंद कुणाच्या वहीत असेल ते आधी बघावं." आणि खरोखर, त्याच आठवड्यात राज्यसभेत रेल्वेला विचारलं गेलं की मजुरांना घरी नेणाऱ्या श्रमिक विशेष गाड्यांमध्ये किती माणसं दगावली. रेल्वेने उत्तर दिलं, ९ सप्टेंबरपर्यंत ९७. गाडीत माणूस मेला की पोलिसांना कागद करावाच लागतो. रस्त्यावर चालता चालता जो पडला त्याचा कागद कोण करणार?

बाबांचं हे बोलणं मला तेव्हा कोरडं वाटलं होतं. माणसं मेली आहेत आणि यांना खातं सुचतंय. आता वाटतं, त्यांच्या परीने ते रागाचंच बोलणं असावं. त्यांच्या पिढीच्या मंत्रालयात मृणालताई गोरेंच्या प्रश्नांची धास्ती होती. ताई १९७२ साली विधानसभेत आल्या त्या थेट पाण्याच्या रांगेतून, हंडामोर्चांतून. बाबा म्हणत, "बाईंना नळाचा टाइम माहीत असायचा. खालून आलेलं उत्तर त्यांच्यापुढे टिकेल का, हे आम्ही आधी बघायचो." पाठ केलेला प्रश्न आणि भोगलेला प्रश्न खात्यातल्या लोकांना पहिल्या उपप्रश्नातच ओळखू येतो म्हणे. मुंध्रा प्रकरणाची गोष्टही ते रंगवून सांगत. १९५७ साली लोकसभेत प्रश्न आला की एलआयसीचे पैसे मुंध्रा या खासगी उद्योगपतीच्या कंपन्यांत गेले का. खासदार फिरोज गांधींनी तो धसास लावला, चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्याकडे आली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना जावं लागलं. बाबा गोष्ट तिथे थांबवत नसत. उपप्रश्नाचा हक्क मुळात आला कधी, हे ऐकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. कौन्सिलात, म्हणजे इंग्रजांच्या काळच्या कायदेमंडळात, सरकारला प्रश्न विचारायची मुभा १८९२ च्या कायद्याने मिळाली, आणि उपप्रश्नाची १९०९ साली. मधल्या सतरा वर्षांत मुंबईच्या कौन्सिलात फिरोजशहा मेहता बसले, टिळक बसले, गोखले बसले. एकेक असा माणूस, आणि सरकारने "साठा उपलब्ध आहे" म्हटलं की त्याने मुकाट खाली बसायचं. "त्या रात्री होती का?" हे विचारायची सोय कायद्यातच नव्हती. आता सोय आहे. तास मात्र तासाचाच, आणि त्यातलाही निम्मा घोषणांत जातो. संसदेची गत वेगळी नाही. लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात, तेही चिठ्ठ्या टाकून, आणि तोंडी उत्तरापर्यंत त्यातले मोजकेच पोचतात. उरलेल्यांना आणि त्यापलीकडच्या २३० अतारांकितांना छापील कागद.

हे सगळं मी परवा केळवणाच्या पंगतीत भाच्यापुढे बोलून बसले. तो मुंबईला लागूनच्या एका महापालिकेत कनिष्ठ अभियंता आहे. मला वाटलं होतं, मावशीला खात्यातलं कळतं म्हणून खूश होईल. तो पुरी तोडता तोडता म्हणाला, "तुमचे दिवे लागले ना, मावशी? मग बरं. पण शिडीची गाडी आमच्याकडे एकच असते. प्रश्न आला त्या पुलावर ती गेली म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी पुलावरून उठवून नेली. तिथला आमदार विचारत नाही, तिथले लोक पीडीएफ वाचत नाहीत. ते अंधारातच." मी म्हटलं, मग तसं उत्तरात लिहा ना, गाडी एकच आहे म्हणून. तो माझ्याकडे मी वेड्यासारखं काही बोलल्यासारखा बघत राहिला. "मावशी, एकाच प्रश्नाखाली वीस-वीस नावं असतात. दुपारी तीनला मेसेज येतो, साडेपाचपर्यंत उत्तर पाठवा, विधिमंडळ, अत्यंत तातडीचे. अर्धं अधिवेशन आम्ही रस्त्यावर नसतोच, उत्तरं लिहीत बसलेले असतो." खोटं नव्हतं ते. आणि त्या दुसऱ्या पुलाबद्दल मी काय बोलणार होते? माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी त्याला आणखी श्रीखंड वाढलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजलाच. उघड्या मॅनहोलचा प्रश्न, तारांकित. झाकण सकाळीच बसवून झालं होतं. डाव्या हाताने त्याने मला फोटो दाखवला : ओलं सिमेंट, नवं झाकण, कोपऱ्यात तारीख, वेळ आणि ठिकाण आपोआप उमटलेलं. मी म्हटलं, "हे चांगलं आहे की. तारखेसकट आहे. उत्तराला जोडतोस ना?"

"छे," तो म्हणाला. "टिपणीत ठेवायला सांगितलंय साहेबांनी. कुणी उपप्रश्न विचारला तरच बाहेर काढायचा."